साखरपाणी आणि कॅमेरा : अंगणातल्या हमिंगबर्डचा इतिहास

हमिंगबर्ड हा पक्षी फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर सापडतो. उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फ्युएगोपर्यंत त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती पसरल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक विषुववृत्ताच्या आसपास, विशेषतः अँडीज पर्वताच्या उतारांवर राहतात. संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात मात्र वीण होते ती एकाच जातीची, रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डची. वजन जेमतेम ३ ग्रॅम, पंखांची फडफड सेकंदाला ५०च्या घरात. ती डोळ्यांना दिसत नाही. पंखांच्या जागी नुसती धूसर झाक दिसते आणि कानांवर गुणगुण पडते. महाराष्ट्रात जास्वंदीवर उलटासुलटा लटकणारा चमकदार शिंजीर पाहून हमिंगबर्ड दिसल्याचे सांगणारे दरवर्षी भेटतात. कधीकधी तर तो पक्षीही नसतो, तिन्हीसांजेला फुलापुढे तरंगणारा मोठा पतंग असतो. शिंजिराचे कूळच वेगळे. तो शक्यतो देठाला धरून बसतो आणि मग मकरंद पितो. हवेत एका जागी थांबून पिणारा खरा हमिंगबर्ड पाहायला अमेरिकेतच जावे लागते, आणि तो घराच्या अंगणात कसा आला हा इतिहासही तिथलाच आहे.

या पक्ष्याचे आकर्षण फार जुने. पेरूमधील नाझका संस्कृतीच्या लोकांनी वाळवंटी पठारावर त्याची सुमारे ९० मीटर लांबीची आकृती कोरून ठेवली आहे. मेक्सिकोतील अॅझ्टेकांचा युद्धदेव हुइत्झिलोपोच्त्ली याच्या नावातच हा पक्षी आहे. त्यांच्या पिसे चिकटवून चित्रे घडवणाऱ्या कारागिरांना अमान्तेका म्हणत, आणि त्यांच्या कामात हमिंगबर्डच्या पिसांना मोठा मान होता. स्पॅनिश राजवट आल्यावर त्याच कारागिरांकडून ख्रिस्ती देवचित्रे करून घेतली गेली. १५३९ सालचे असे एक चित्र फ्रान्समधील ओश या गावच्या संग्रहालयात आजही आहे. सोळाव्या शतकात साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूने मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या मदतीने जो मोठा ज्ञानकोश तयार केला, त्यात हा पक्षी हिवाळ्यात चोच झाडात रुतवून मेल्यासारखा लटकतो आणि पावसाबरोबर पुन्हा जिवंत होतो, असे लिहिले आहे. हे ऐकीव म्हणून सोडून देण्यासारखे नाही. थंड रात्री हमिंगबर्ड शरीराचे तापमान खूप खाली आणून निश्चेष्ट होतो आणि उजाडल्यावर पूर्ववत होतो. निरीक्षण खरे होते, फक्त रात्रीचा हिवाळा झाला होता.

युरोपीय लोकांनी हा पक्षी पाहिला तो मुख्यतः मेलेला. मार्क केट्सबीने १७२९ ते १७४७ या काळात प्रसिद्ध केलेल्या कॅरोलिनाच्या निसर्गग्रंथात त्याला तुतारीच्या आकाराच्या केशरी फुलांच्या वेलाजवळ उडताना रंगवले. जवळपास शंभर वर्षांनी जॉन जेम्स ऑडुबॉननेही तोच वेल निवडला. पण बाकीचा सगळा व्यवहार कातड्यांचा होता. लंडनजवळच्या हॅकनी इथे रोपवाटिका चालवणाऱ्या जॉर्ज लॉडिजेसने वाळवलेल्या हमिंगबर्डचा मोठा संग्रह जमवला होता. त्याच्याकडे येणाऱ्या पक्षिचित्रकार जॉन गूल्डला या पक्ष्याने पार झपाटले. १८५१ साली लंडनला जागतिक प्रदर्शन भरले होते, तेव्हा गूल्डने रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात आपल्या संग्रहाचे स्वतंत्र दालन उघडले. काचेच्या पेट्यांत मांडलेले हे पक्षी पाहायला ७५ हजारांहून अधिक लोक आले. राणी व्हिक्टोरियाही आली. १८४९ ते १८६१ या काळात निघालेल्या त्याच्या पाच खंडांच्या ग्रंथात ३६० चित्रे आहेत. पिसांची धातूसारखी चमक साधण्यासाठी त्यांत सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंगाचा थर दिला आहे. एवढे काम अर्ध्यावर येईपर्यंत गूल्डने जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. तो त्याला दिसला १८५७ साली, फिलाडेल्फियातील बार्ट्रम यांच्या बागेत. दोन पक्षी जिवंत घेऊन तो इंग्लंडला निघाला, पण त्यातला एकही फार दिवस जगला नाही.

याच काळात या पक्ष्याची गिऱ्हाइके वाढली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये हमिंगबर्डची डोकी सोन्यात बसवून कानातले डूल करत, आणि बायकांच्या टोप्यांवर पूर्ण पक्षीच बसवत. लंडनच्या लिलावांत कातड्यांची खोकीच्या खोकी विकली जात. १८८६ साली फ्रँक चॅपमन या तरुण पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोन दुपारी फिरून बायकांच्या टोप्या मोजल्या. सातशे टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पक्षी किंवा पिसे होती. दहा वर्षांनी बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी ओळखीपाळखीच्या बायकांना चहाला बोलावून टोपीवर पिसे न लावण्याचे वचन घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. १९०० सालचा लेसी कायदा आणि १९१८ सालचा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा यांनी या व्यापाराला लगाम घातला. हमिंगबर्ड पकडणे, पाळणे, मारणे गुन्हा झाले. पक्षी घरात आणता येत नसेल तर त्यालाच घराजवळ बोलवायला हवे, आणि ते काम बायकांनी एव्हाना हाती घेतले होते.

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन गावच्या कॅरोलिन सोल या पतंग-सुरवंटांच्या अभ्यासक. १९०० साली चॅपमनच्याच ‘बर्ड-लोर’ मासिकात त्यांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जाड चित्रकागदाचे तुतारीसारखे फूल केले, जलरंगांनी रंगवले, आत एक छोटी बाटली बसवली आणि ते खऱ्या फुलांच्या वेलाला बांधले. बाटलीत साखर विरघळवलेले पाणी होते. हमिंगबर्ड आला, खऱ्या फुलांतून हिंडला आणि कागदी फुलातही त्याने चोच घातली. यात कौतुक युक्तीचे आहेच, पण त्याहून ती लिहून छापण्याचे. कारण तो मजकूर आयोवातल्या नॅशनल या खेड्यात राहणाऱ्या अॅल्थिया शर्मन यांच्या हाती पडला.

शर्मन या चित्रकार. आईवडिलांच्या घरी परतल्यावर अंगणातल्या पक्ष्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी १९०७ पासून सात उन्हाळे हमिंगबर्डना साखरपाणी पाजले आणि १९१३ साली त्याची सविस्तर हकिगत ‘विल्सन बुलेटिन’मध्ये दिली. सुरुवातीला बाटलीभोवती मेणकापडाचे फूल होते. मग वेगवेगळ्या रंगांचे प्रयोग झाले, शेवटी नुसती बाटली, फुलाविना. पक्षी तिच्यावरही येऊ लागले. लाल रंगाशिवाय हा पक्षी फिरकत नाही, ही समजूत त्या काळीही घट्ट होती. शर्मनबाईंच्या अंगणात ती टिकली नाही: साखर कुठे आहे हे एकदा कळले की पक्षी रंगाची वाट पाहत नाही. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी छापून आलेली असूनही बाजारात लाल रंगाचे पाणी पुढे कितीतरी दशके विकले गेले.

छायाचित्राची गोष्ट तोवर मागे होती. काचेच्या पट्ट्यांवर चित्र टिपणाऱ्या अवजड कॅमेऱ्याला नेमकी जागा आधी ठरवून बसावे लागे, आणि हमिंगबर्ड परत त्याच जागी येणार याची खात्री एकाच ठिकाणी असे: घरट्यावर. ऑरेगनमधील विल्यम फिनली आणि हर्मन बोलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेली चित्रे म्हणूनच घरट्यातल्या पिल्लांची आणि त्यांना भरवणाऱ्या आईची आहेत. फिनलीच्या १९०७ सालच्या ‘अमेरिकन बर्ड्स’ या पुस्तकात त्यांतली काही पाहायला मिळतात. उडणारा पक्षी त्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होता.

साखरपाण्याच्या बाटलीने हा प्रश्न निम्मा सोडवला. पक्षी दर काही मिनिटांनी त्याच तोटीपुढे, त्याच उंचीवर, तोंड त्याच दिशेला करून येऊ लागला. मार्गारेट बोडिन या उन्हाळ्यात मेन राज्यात राहायला जात. तिथे त्यांनी पाजलेले हमिंगबर्ड इतके धीट झाले की माणसाच्या अगदी जवळ येऊन पीत. त्यांचा सचित्र लेख जून १९२८च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आला आणि घरोघरी पोहोचला. याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॉजेस्का कॅन्यनमध्ये टकर दांपत्यही आपल्या अंगणात अशाच बाटल्या टांगत होते. त्यांची ती जागा पुढे पक्ष्यांचे राखीव ठिकाण झाली.

बोडिनबाईंचा लेख वाचून न्यू हॅम्पशायरमधल्या होल्डरनेसला उन्हाळी घर असलेल्या लॉरेन्स वेब्स्टर यांनी काचेचे एक नेटके भांडे आखले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीतल्या काचकामगाराकडून फुंकून घेतले. एमआयटीशी आलेला हा संबंध निर्णायक ठरला. कारण त्याच संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन हे विद्युत अभियंता झपझप चमकणाऱ्या दिव्यावर काम करत होते. १९३०च्या दशकात ते आपले सामान घेऊन होल्डरनेसला आले.

एजर्टनांनी काय बदलले हे साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला ५० फडफडी म्हणजे एका फडफडीला सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि पंख खालून वर जायला त्याच्या निम्मा, सेकंदाचा शंभरावा भाग. त्या वेळचा चांगला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटत असे. तेवढ्या वेळात पंखाचा दहावा हिस्सा प्रवास होऊन जातो, म्हणजे चित्रात पंखाऐवजी धूर. एजर्टनांनी शटरवर विसंबणेच सोडले. प्रकाशच सेकंदाच्या कितीतरी हजाराव्या भागापुरता पाडायचा, म्हणजे शटर उघडा असला तरी चित्र उमटते ते त्या लखलखाटाचे. पंखाच्या टोकाचे एकेक पीस सुटे दिसू लागले. पंख पुढे येताना आणि मागे जाताना दोन्ही वेळा उलटतो आणि हवेत आडवा आठचा आकडा काढतो, हे चलत्चित्रांतून स्पष्ट झाले. एजर्टनांची ही चित्रे ऑगस्ट १९४७च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये छापली गेली, आणि वाचकांना पक्ष्याइतकेच त्याच्यापुढच्या काचेच्या भांड्याचेही कुतूहल वाटले. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातल्या मेडिना इथल्या ऑडुबॉन नॉव्हेल्टी कंपनीने वेब्स्टरच्या भांड्याची विक्री सुरू केली. एका मासिकातल्या छायाचित्रांवरून हे साखरपाण्याचे भांडे, म्हणजे फीडर, सुचले, फीडरमुळे नवी छायाचित्रे घेता आली आणि त्या छायाचित्रांनी फीडर विकला. अंगणातल्या हमिंगबर्डचा छंद घडला तो नेमका याच साखळीतून.

एजर्टनांच्या पाठोपाठ आले क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट. ड्युपाँ या अजस्र रसायन कंपनीचे ते १९४८ ते १९६२ अध्यक्ष होते आणि फावल्या वेळात, डेलावेअरमधल्या आपल्या घराच्या बागेपासून सुरुवात करून, हमिंगबर्डची छायाचित्रे घेत. असा फावला वेळ फार थोड्या अध्यक्षांच्या वाट्याला येतो, आणि कंपनीतले अभियंते मदतीला असणे तर त्याहून दुर्मीळ. फोटोसेलपुढून पक्षी गेला की दिवे आपोआप चमकत, अशी उपकरणे त्यांनी तयार करवून घेतली आणि ती घेऊन दक्षिण अमेरिका पालथी घातली. ब्राझीलमध्ये त्यांना साथ मिळाली ऑगुस्तो रुस्की यांची. सांता तेरेझा या डोंगराळ गावात १९४९ साली निसर्ग-संग्रहालय काढणारा हा अभ्यासक हमिंगबर्डसाठी इतका प्रसिद्ध झाला की ब्राझीलने पुढे चलनी नोटेवर त्याचे चित्र छापले.

ग्रीनवॉल्ट यांचे ‘हमिंगबर्ड्स’ १९६० साली निघाले. चित्रांइतकाच त्यातला अभ्यास महत्त्वाचा. नराच्या गळ्याचा लाल रंग हा रंगद्रव्याचा नव्हे; पिसांच्या आत हवेचे बुडबुडे असलेल्या सूक्ष्म चकत्यांच्या थरांवरून प्रकाश परावर्तित होतो तेव्हा तो दिसतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. म्हणून तोच गळा एका कोनातून निखाऱ्यासारखा आणि दुसऱ्या कोनातून कोळशासारखा काळा दिसतो. बागेत कॅमेरा धरणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. सूर्य पाठीशी नसेल किंवा फ्लॅश कॅमेऱ्याजवळ नसेल, तर गळा चित्रात काळाच येतो. पक्षी किती वेगाने उडू शकतो हे मोजण्यासाठी ग्रीनवॉल्ट यांनी त्याचा फीडर वाऱ्याच्या बोगद्यात ठेवला. पक्षी पीत राहिला आणि ते वारा वाढवत गेले. ताशी ४३ किलोमीटरच्या आसपास त्याला जागेवर राहणे अशक्य झाले.

१९५० आणि ६०च्या दशकांत प्लास्टिक आले आणि फीडर किराणा दुकानातही मिळू लागला. काचेच्या बाटलीखाली लाल तबकडी, तिला प्लास्टिकची पिवळी फुले आणि बसायला कडे, असा त्याचा ठरावीक घाट झाला. साखर किती घालायची यावर पुष्कळ घोळ चालला. मध पौष्टिक म्हणून काहींनी तो घातला. पाण्यात मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. आता सर्वत्र एकच प्रमाण सांगितले जाते: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, दुसरे काहीही नाही. हमिंगबर्ड ज्या फुलांवर येतो त्यांच्या मकरंदात साखर साधारण तेवढीच असते. लाल रंगाच्या पुडीचा मात्र बाजारात जम बसला होता. १९७६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रेड नंबर २’ या रंगावर बंदी घातली तरी दुसरा लाल रंग त्याच्या जागी आला. भांडे लाल असताना पाणी लाल करण्यात काही अर्थ नाही.

फीडरमुळे अंगण सार्वजनिकही झाले. अॅरिझोनातले पॅटागोनिया हे गाव मेक्सिकोच्या सीमेजवळ आहे. १९७०च्या दशकात तिथे राहायला आलेल्या वॉली आणि मॅरियन पॅटन यांच्या परसात व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्ड येऊ लागला. अमेरिकेत हा पक्षी मिळण्याची ठिकाणे मोजकीच, म्हणून अनोळखी लोक कुंपणाबाहेरून डोकावत. पॅटनांनी त्यांना हाकलण्याऐवजी फाटक उघडले, बाके मांडली, ऊन लागू नये म्हणून छत घातले, दिसलेल्या पक्ष्यांसाठी फळा टांगला. कुंपणाला एक डबा लावला, त्यावर ‘साखर फंड’ लिहिले. येणाऱ्याने जमेल ते टाकावे आणि त्यातून बाटल्या भराव्यात, एवढाच व्यवहार. हे परस पुढे पक्षिसंस्थांनी मिळून विकत घेतले. २०१४ पासून ते टक्सन ऑडुबॉन या संस्थेकडे आहे आणि अजून सगळ्यांना खुले आहे.

कॅमेऱ्याच्या अंगाने दोन पद्धती रूढ झाल्या. पहिली थेट एजर्टन-ग्रीनवॉल्ट यांच्या घराण्यातली. चार-पाच फ्लॅश कमी शक्तीवर लावायचे, मागे निळसर किंवा हिरवट रंगवलेला फलक उभा करायचा, फीडरची एक सोडून बाकीची भोके चिकटपट्टीने बुजवायची. पक्षी एकाच भोकाशी येतो. मग त्या भोकापुढे फूल बांधायचे आणि फुलात पिचकारीने साखरपाण्याचा थेंब सोडायचा. चित्रात फीडर येत नाही, पक्षी फुलावर दिसतो. चित्र सुरेख येते, पण ते रानातले चित्र म्हणून खपवणे प्रामाणिकपणाचे नाही; छायाचित्र-स्पर्धांतून यावर वाद झडत आले आहेत. दुसरी पद्धत डिजिटल कॅमेऱ्याने आणली. कमी उजेडातही चांगले चित्र देणारे सेन्सर आले, तसा माणूस अंगणात खुर्ची टाकून नैसर्गिक उजेडात सेकंदाच्या तीन-चार हजाराव्या भागाला शटर चालवू लागला. पंख थोडे धूसर राहतात. उडणाऱ्या पक्ष्याचे तेच खरे रूप, असे मानणारेही पुष्कळ आहेत. आता तर फीडरमध्येच कॅमेरा बसवलेला मिळतो आणि पक्षी आला की चित्र फोनवर येते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतूनही अशी चित्रे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे येतात.

अंगणातल्या या साध्या साधनातून शास्त्रही पुढे गेले. हमिंगबर्डची जीभ बारीक नळीप्रमाणे मकरंद आपोआप वर ओढते, असे एकोणिसाव्या शतकापासून मानत. २०११ साली अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी पारदर्शक फीडरसमोर अतिवेगवान कॅमेरा लावला, तेव्हा दिसले ते वेगळेच. जिभेची दुभंगलेली टोके द्रवात उघडतात, त्यांच्या झालरी पसरतात आणि बाहेर येताना मिटून द्रव पकडतात. २०२० साली कोलोरॅडोतल्या गॉथिक इथे मेरी कॅसवेल स्टॉडर्ड यांच्या गटाने फीडरशेजारी रंगीत दिवे ठेवून दाखवून दिले की माणसाला न दिसणाऱ्या, अतिनील आणि हिरव्याच्या मिश्रणासारख्या छटाही हा पक्षी ओळखतो.

दरम्यान पक्षीही बदलला. अॅनाज हमिंगबर्ड ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून दक्षिण कॅलिफोर्नियापर्यंतच होती. बागांतली परदेशी झाडे, विशेषतः ऑस्ट्रेलियातून आणलेले निलगिरी, आणि वर्षभर टांगलेले फीडर यांच्या आधाराने ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकली. आज सिअॅटल आणि व्हँकुव्हरमध्ये ती हिवाळाही काढते. व्हँकुव्हरने २०१७ साली तिला शहरपक्षी म्हणून निवडले. तिकडचे लोक बर्फाच्या दिवसांत पाणी गोठू नये म्हणून रात्री बाटली घरात घेतात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा बाहेर टांगतात. पक्ष्यांच्या हिवाळी नोंदी जमवणाऱ्या नागरिकांच्या माहितीवरून हा विस्तार शहरीकरण आणि फीडर यांच्याशी जोडलेला असल्याचे २०१७ सालच्याच एका अभ्यासात दिसले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात संग्रहालयांतले जुने नमुने तपासले गेले. फीडर वाढत गेले तसतशी या जातीची चोच लांबट आणि निमुळती होत गेल्याचे त्यात आढळले. तुतारीच्या फुलाऐवजी प्लास्टिकच्या भोकातून पिण्याला सोयीची चोच काही दशकांतच घडू लागली. बाटलीचा हा परिणाम सोल, शर्मन किंवा वेब्स्टर यांच्यापैकी कोणाच्याही हिशेबात नव्हता.